बाळ नीट झालं ते ग्रहण पाळलं म्हणून?

मला आलेलं एका वाचक मैत्रिणीचं पत्र आधी देतेय, खाली माझं उत्तर. पत्र जरा छोटं केलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, मी कोल्हापूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. 7 सप्टेंबर 2025 च्या चंद्रग्रहणाला मला सातवा महिना होता. सासूबाईंनी वेध पाळायला लावले. दुपारी साडेबाराला जेवले ते रात्री दीडला ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून दूध प्यायले, मधे नुसतं पाणी, ते पण चोरून. चिरायचं नाही, शिवायचं नाही, अंग खाजवायचं पण नाही. भांडायची ताकद नव्हती म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅडम तुम्ही बघितलं का ग्रहण? मी म्हटलं हो, मस्त दिसलं. ताई, मी दारं लावून आतल्या खोलीत बसले होते.

आता मुलगी 3 महिन्यांची आहे, गुटगुटीत आहे. सासूबाई येईल त्याला सांगतात, बघा पाळलं म्हणून सोन्यासारखी पोरगी झाली. आणि लगेच पुढचं वाक्य माझ्या मोठ्या जाऊबाईंवर असतं. त्यांचा मुलगा ऑक्टोबर 2020 मधला, ओठ दुभंगलेला होता. त्या जूनमधल्या सूर्यग्रहणात जाऊबाई गॅलरीत कपडे काढायला गेल्या होत्या आणि नंतर भाजी पण चिरली, एवढं निमित्त. दोन ऑपरेशनं झाली, छान बोलतो आता, पण घरात त्याला अजून ग्रहणाचा म्हणतात. जाऊबाई माझ्याशी पहिल्यासारख्या बोलत नाहीत.

आता नणंद चौथ्या महिन्याची आहे. 3 मार्चला (2026) परत ग्रहण आहे आणि ती तेव्हा इथे असेल. सासूबाई म्हणतात तूच तिला समजाव, तू सायन्सची आहेस, तुझं ऐकेल. मिस्टर म्हणतात तुम्हा बायकांचं तुम्ही बघा. सासूबाई वाईट नाहीत हो, त्यांचं पहिलं बाळ जन्मल्यावर दोन दिवसांत गेलं होतं. मी श्रद्धा मानते, गणपती बसवते, देवाला जाते. मग मी ढोंगी आहे का? सायन्स शिकवायचा मला अधिकार आहे का?"

अगं, आधी लेकीबद्दल अभिनंदन, आणि झोप मिळते का नीट? तीन महिन्यांच्या बाळासोबत एवढं मोठं पत्र लिहिलंस म्हणजे ते किती दिवस डोक्यात फिरत असेल ते कळतंय मला.

ढोंगी आहेस का वगैरे नंतर बघू, तो प्रश्न तुला वाटतो तेवढा मोठा नाहीये. मला तुझ्या पत्रात दुसरंच काहीतरी टोचलं. तू सात-आठ ओळीत स्वतःच्या उपाशी राहण्याबद्दल लिहिलंस आणि एका ओळीत पुतण्याबद्दल, की त्याला घरात ग्रहणाचा म्हणतात. तो आता पाच पूर्ण झालाय. पाच वर्षांच्या पोराला सगळं कळतं गं. आरशात ओठावरचा व्रण दिसतो, आणि तो आईमुळे आला असं आजी सांगते, हे ऐकत ते पोर मोठं होतंय.

म्हणून आधी तुझ्या जाऊबाईंचा हिशोब मांडू या, कारण तो मांडायला तुझ्याएवढं योग्य माणूस त्या घरात नाही.

वरचा ओठ पोटात कधी तयार होतो माहितीये? साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात. टाळू सहाव्या ते नवव्या. म्हणजे बऱ्याच बायकांना आपण गरोदर आहोत हे नुकतंच कळलेलं असतं, तोपर्यंत ओठाचे दोन्ही बाजूचे भाग मधे येऊन जुळलेले असतात, किंवा जुळायचे राहिलेले असतात. आता बाळ ऑक्टोबर 2020 मधलं, म्हणजे जुळायचं ते काम झालं फेब्रुवारीत, फार तर मार्चमध्ये. जाऊबाई गॅलरीत गेल्या 21 जूनला, सहाव्या महिन्यात. तोपर्यंत ओठाचं जे व्हायचं ते होऊन तीन-चार महिने उलटले होते. त्यांनी त्या दिवशी कपडे काढले काय, भाजी चिरली काय आणि गच्चीवर नाचल्या असत्या काय, त्या ओठाला आता काही होणार नव्हतं, झालेलं बदलणारही नव्हतं. आणि अजून गंमत म्हणजे त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रहणच नव्हतं! 10 जानेवारीला एक छायाकल्प चंद्रग्रहण (चंद्र फक्त पृथ्वीच्या विरळ सावलीतून जातो तसं) होऊन गेलेलं, ज्याचे वेध पंचांगवाले पण धरत नाहीत, आणि पुढचं थेट 5 जूनला, ते पण छायाकल्पच. कॅलेंडर काढून बघ. म्हणजे ग्रहणाला दोषी धरायचं म्हटलं तरी आरोपी त्या वेळी गावातच नव्हता.

मग का झालं, हा प्रश्न उरतोच, आणि इथे सायन्सचं उत्तर ऐकायला फार रुक्ष आहे. जगभरात साधारण 700 बाळांमागे एकाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. काही जीन्सचा भाग असतो, काही बाहेरचा, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांतलं स्मोकिंग, आधीपासूनचा डायबेटिस, फिट्सच्या काही गोळ्या असं काय काय. पण बहुतेक घरांत एक कारण असं बोट ठेवून दाखवता येत नाही. (आणि हे वाचून आता जाऊबाईंना आधीपासून शुगर होती का असं मनात मोजायला लागू नकोस, ग्रहण काढून तिथे दुसरं काहीतरी बसवायचं असेल तर मग सासूबाईच बऱ्या.) डॉक्टर म्हणतात, कुणाची चूक नाही, होतं असं. आईला हे वाक्य पुरत नाही गं. माझ्याच पोराला का, याला होतं असं हे काय उत्तर झालं? त्या रिकाम्या जागेत ग्रहण येऊन बसतं. त्यात वेळ आहे, जागा आहे, हातात सुरी घेतलेली बाई आहे, सगळी गोष्टच तयार आहे. चंद्राचा लचका तोडला तसा ओठाचा तुटला, एवढं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं की मग आठवडे कोण मोजतंय.

ही समजूत आपल्याच लोकांची असं समजू नकोस हं. मेक्सिकोत अझ्टेक लोकांपासून अगदी हेच मानतात, चंद्राला कुणीतरी चावलं की पोटातल्या बाळाच्या तोंडाला चावा बसतो. म्हणून तिथल्या गरोदर बायका पूर्वी पोटाशी ऑब्सिडियन नावाच्या काळ्या काचेसारख्या दगडाचा तुकडा ठेवायच्या, चांगला धारदार, आणि आता त्याच्या जागी सेफ्टी पिन किंवा किल्ली लावतात. म्हणजे बघ, आपल्याकडे ग्रहणात पिनेला हात लावला तर बाळाला धोका आणि तिकडे पिन नाही लावली तर धोका. दोन्हीकडे ओठ दुभंगलेली बाळं जन्मतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले आणि मग वाईट वाटलं, समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी बाईला पण तिची सासू म्हणत असणार की तू पिन लावायला विसरलीस.

आणि फिजिक्सवाली आहेस म्हणून तुझ्याच भाषेत एक गणित. ग्रहणाचा सीझन, म्हणजे ग्रहणं होऊ शकतात तो काळ, साधारण 173 दिवसांनी येतो, बरोबर? आणि प्रत्येक सीझनमध्ये पृथ्वीवर कुठे ना कुठे एक तरी सूर्यग्रहण होतंच होतं. गरोदरपण 280 दिवसांचं. म्हणजे जगातल्या प्रत्येक पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मागे पोटातलं एखादं ग्रहण असणारच. बाळ नीट झालं तर कुणी मागे वळून शोधत नाही, काही कमीजास्त झालं की शोधतात, आणि शोधलं की सापडणारच, कारण ते तिथे ठेवलेलंच असतं. हे गणित अकरावीच्या पोरांना घाल खरं तर, ग्रॅव्हिटेशनच्या चॅप्टरपेक्षा जास्त लक्षात राहील.

अजून एक. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. आणि रात्र म्हणजे काय गं? आपण स्वतः पृथ्वीच्या सावलीत उभे असतो. रोज. तुझ्या लेकीनं पोटात असताना अडीचशेच्या वर रात्री त्याच सावलीत काढल्या. तिथे चंद्र तीन-साडेतीन तास येऊन गेला तर आत नवीन काय घडणार?

आता सासूबाई. त्यांना मी सोडून देत नाहीये, पण तू लिहिलेलं ते एक वाक्य, पहिलं बाळ दोन दिवसांत गेलं, ते वाचून मी जरा थांबले. त्या काळी बाळ का गेलं ते कुणी त्यांना नीट सांगितलं असेल असं वाटतं का तुला? त्यांना कुणी म्हटलं असेल का की तुझी चूक नव्हती? बहुतेक उलटंच ऐकवलं असणार, तू हे खाल्लंस, तू तिकडे गेलीस. त्या बाईनं चाळीसेक वर्षं मनात एक यादी जपलीय, हे पाळलं की बाळ जगतं, आणि ती यादी प्रेमानं तुझ्या हातात दिलीय. त्यांच्यासाठी ते वेध म्हणजे आपल्याकडे हेल्मेट असतं तसं काहीतरी. म्हणून तू त्या रात्री गप्प बसलीस त्याचं मला एवढं काही वाटत नाही. सातवा महिना, घरात भांडण नको, मीही बसले असते. फक्त तेरा तास उपाशी राहिलीस ते चुकलं, तेवढं मात्र ओरडते, सातव्या महिन्यात एवढा वेळ पोट रिकामं आणि पाणी चोरून हे काही बरोबर नाही, चक्कर येऊन पडली असतीस तर? आणि शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बाईनं तर हा प्रकार करूच नये.

माझी आई पण पाळायची. 16 फेब्रुवारी 1980, मी नऊ वर्षांची, आम्ही सोलापूरला होतो. खग्रास पट्टा कर्नाटकातून रायचूरवरून गेला, आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्याचा बराच मोठा तुकडा गेला होता. भर दुपारी रस्त्यावर काळं कुत्रं नाही. आईनं खिडक्यांना चादरी लावल्या, लोणच्याच्या बरणीवर, दुधावर, पिठाच्या डब्यावर तुळशीची पानं, आणि आम्ही भावंडं अंधारात रामरक्षा म्हणत बसलेलो. ग्रहण सुटलं तशी बाहेरून हाक आली, दे दान सुटे गिराण, आणि आई सुपात धान्य घेऊन धावली. मला अजून तो वास येतो, तुळस आणि ओली चादर. आता तू म्हणशील ही बाई काय दोन्हीकडून बोलते. तर हो, बोलते. ती दुपार मला आवडली होती, खिडकीतून बघायला मिळालं नाही याचा राग आजही आहे, दोन्ही खरं आहे. 1995 च्या दिवाळीतल्या सूर्यग्रहणाला मात्र मीच आईला गॉगल लावून गच्चीवर नेलं, खंडग्रासच होतं, तिनं बघितलं, म्हणाली अगोबाई, आणि खाली जाऊन आंघोळ केली. वाद झाला नाही. तिला बघायचं पण होतं आणि आंघोळ पण करायची होती.

आता तुझा ढोंगी असण्याचा प्रश्न. तुला एका माणसाची गोष्ट सांगते, तुझ्याच लाईनमधला आहे. आर्यभटानं 499 साली स्वच्छ लिहिलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते. राहूबिहूची गरजच नाही. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 628 मध्ये, ब्रह्मगुप्त आला. तिशीतला पोरगा, अफाट गणिती, शून्याचे नियम लिहिणारा. तो काय म्हणाला? की राहू नाही असं म्हणणारे लोक वेद आणि स्मृतीच्या विरुद्ध बोलतायत. आर्यभटाला नाव घेऊन झोडला. आणि मग त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित कसं केलं? सावलीचा व्यास काढून! राहूचा व्यास नाही. मधला मार्ग असा काढला की ब्रह्मदेवाच्या वरानं राहू त्या सावलीत शिरतो, म्हणजे राहू पण खूश, गणित पण खूश. पुढे चारशे वर्षांनी अल्-बिरूनी नावाचा विद्वान हिंदुस्थानात आला, त्यानं हे वाचलं आणि त्याला कळेचना की एवढा हुशार माणूस असं का बोलला. शेवटी त्याला सॉक्रेटिस आठवला, म्हणजे लोकांच्या विरुद्ध बोललं की काय होतं ते या माणसाला ठाऊक असणार, म्हणून मनाविरुद्ध लिहिलं असेल असा त्याचा अंदाज.

तू वर्गात म्हणालीस मस्त दिसलं, आणि घरी दारं लावून बसलीस. चौदाशे वर्षांपूर्वी भिनमाळच्या त्या ब्रह्मगुप्तानं हेच केलं, फक्त संस्कृत श्लोकात. अधिकार नाही असं त्याला कुणी म्हणतं का? त्याचं गणित चालतंच ना.

आणि सासूबाई ज्या पंचांगात बघून तुला वेधाची वेळ सांगतात ना, ते पंचांग काय राहूला विचारून छापतात? आपल्या कोकणात मुरूडजवळ नांदगावला गणेश दैवज्ञ म्हणून होता, 1520 च्या सुमाराला त्यानं साइन-कोसाइनच्या, त्रिकोणमितीच्या कटकटीशिवाय ग्रहणं काढायची सोपी रीत बसवून दिली आणि पुढे शेकडो वर्षं आपल्याकडची पंचांगं त्याच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून निघाली. आता तर सगळं कॉम्प्युटरवर. 3 मार्चचंच बघ, पंचांगात पौर्णिमा संध्याकाळी पाचनंतर लगेच संपते आणि ग्रहणाचा मध्य पण त्याच सुमाराला. तो योगायोग नाहीये, पौर्णिमा संपते तो क्षण म्हणजेच चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर, 180 अंशांवर. हे सासूबाईंना सांग. तुझं पुस्तक आणि त्यांचं पंचांग ग्रहण कधी यावर एक मिनिटही भांडत नाहीत. भांडण आहे ते ग्रहण काय करतं यावर, आणि त्याबद्दल पंचांगाच्या गणितात काहीच नाही.

तरी एक कबूल करते, पोथ्या आपल्या बाजूच्या पण असतात. विजयदुर्गला गेलीयेस का? तिथे साहेबाचे कट्टे दाखवतात आणि सांगतात की 1868 च्या सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं इथून हेलियम वायू शोधला, दरवर्षी 18 ऑगस्टला कार्यक्रम पण होतो. ऐकायला ऊर भरून येतो. पण लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता, तिथूनच त्यानं ऑक्टोबरमध्ये सूर्याचा वर्णपट बघितला. ग्रहणाच्या दिवशी भारतात होता तो फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन, आणि तो पण गुंटूरला. लॉकियर विजयदुर्गला आला खरा, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती. हे मी एका विज्ञानप्रेमी ग्रुपवर लिहिलं तर मला अशा शिव्या पडल्या की सासूबाई परवडल्या! सांगायचं एवढंच की सायन्स आवडणाऱ्या माणसाला पण आपली गोष्ट सोडवत नाही. सासूबाई काही वेगळ्या मातीच्या नाहीत.

तर गणपती बसव, देवाला जा, त्यावर मला काही म्हणायचं नाही, माझ्या मते त्याचा आणि फिजिक्सचा काही झगडा पण नाही. आरतीत कुणी कुणाच्या ओठाचं खापर कुणावर फोडत नाही. तुझ्या घरात विज्ञान विरुद्ध श्रद्धा चाललंय असं तुला वाटतंय, मला तसं दिसत नाहीये. मला दिसतंय की एका बाईवर पाच वर्षं आरोप चाललाय आणि तुझी गुटगुटीत पोरगी त्यात नवीन पुरावा म्हणून दाखवली जातेय. तू त्या रात्री पाळलंस त्यानं कुणाचं नुकसान झालं नाही. पण सासूबाई पाहुण्यांसमोर पाळलं म्हणून झालं म्हणतात आणि फिजिक्सची मॅडम बाजूला बसून चहा देते, तेव्हा ती साक्ष होते. जाऊबाई त्यासाठी बोलत नाहीत तुझ्याशी. तुझं बाळ चांगलं झालं याचं त्यांना वाईट वाटतंय असं मला मुळीच वाटत नाही.

म्हणून पहिलं काम नणंद नाही, जाऊबाई. एकटीच जा त्यांच्याकडे, बाळाला घेऊन जा हवं तर. तो आठवड्यांचा हिशोब त्यांना सांग, फेब्रुवारी, जून, सगळं. शक्य आहे की ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, पण घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं. आणि सॉरी म्हण. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही बोलले, एवढंच. रडल्या तर रडू दे.

मग सासूबाई. चारचौघात नको, दुपारी त्या निवांत असतील तेव्हा. ग्रहण थोतांड आहे अशी सुरुवात केलीस तर संपलंच, त्या त्यांच्या गेलेल्या बाळाचा बचाव करायला उभ्या राहतील आणि तुला कळणार पण नाही की तू कशाला धक्का लावलास. त्या बाळाबद्दलच विचार. काय झालं होतं, नाव ठेवलं होतं का. आणि मग सांग की आई, तुमची पण चूक नव्हती आणि जाऊबाईंची पण नव्हती. हे दोन्ही एकत्र सांगता आलं तर बघ, एकाच वाक्यात. त्यांना कुणी कधी हे सांगितलं नसेल. त्यांनी मानलंच पाहिजे असा हट्ट नको धरू. सत्तरीच्या बाईचं मन एका दुपारी बदलत नाही. पण पुतण्याला ग्रहणाचा म्हणायचं नाही, इथे मात्र ऐकून घ्यायचं नाही, इथे सरळ नाही म्हणायचं, आणि ते म्हणायचं काम तुझ्या मिस्टरांचं आणि दिरांचं आहे. तुम्हा बायकांचं तुम्ही बघा म्हणे! सख्खा पुतण्या आहे त्यांचा. हे पत्र त्यांना वाचायला दे, हा परिच्छेद तरी.

आणि पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर ते वाक्य आलं की हसून म्हण, नाही हो, पाळलं ते आईंच्या समाधानासाठी, पोरगी तर तशीपण झालीच असती. एवढंच. आवाज न चढवता. माझी भाची डॅलसला असते, 8 एप्रिल 2024 च्या खग्रास ग्रहणाला पाचव्या महिन्यात होती, ग्रहणाचे गॉगल लावून ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहून पिझ्झा खात बघितलं तिनं, आणि मुलगा ठणठणीत आहे. त्या एका दिवशी त्या पट्ट्यात 3 कोटींवर लोक राहत होते, त्यात गरोदर बायका किती असतील विचार कर. अर्थात माझ्या भाचीच्या एका पोरावरून काही सिद्ध होत नाही. पण मग तुझ्या एका पोरीवरून पण होत नाही ना.

नणंदेचं सगळ्यात सोपं आहे. तिला समजावू नकोस, विचार. तुला काय करायचंय? चौथा महिना आहे, तिच्या बाळाचा ओठ कधीच तयार होऊन बसलाय, हे तिला नक्की सांग, खूप हलकं वाटेल. तिला बसावंसं वाटलं, जप करावासा वाटला तर करू दे, त्यात काय बिघडत नाही. फक्त खाणं, पाणी आणि गोळ्या वेळेवर, यात तडजोड नाही, आणि यासाठी सासूबाईंशी भांडायची पण गरज नाही, पंचांगातच लहान मुलं, म्हातारी, आजारी माणसं आणि गरोदर बायका यांना वेध उशिरा धरायची सवलत लिहिलेली असते. उघडून तेच पान दाखव. अंनिसचे लोक ग्रहणात गरोदर बायकांना मुद्दाम खायला देऊन ग्रहण दाखवतात, मला त्यांचं कौतुक आहे, पण तुझ्या नणंदेला तसं काही करून दाखवायची हौस नसेल तर तिच्यावर ते पण लादू नकोस. आईचं ऐकू नको आणि माझं ऐक, यात तिचं काय राहिलं? आणि सूर्यग्रहण असतं तर उघड्या डोळ्यांनी बघू नको असं सांगितलं असतं, गरोदर असो नसो, कारण पडदा जळतो डोळ्यातला. चंद्रग्रहणाला ती पण भीती नाही, नुसत्या डोळ्यांनी खुशाल बघता येतं.

वर्गात काय करायचं ते तुझं तू ठरव. मी असते तर त्या मुलीला सांगितलं असतं की मी त्या दिवशी खोटं बोलले, बघितलं नव्हतं, घरी बसवलं होतं. त्या वर्गात अर्ध्या पोरींच्या घरी हेच असणार आहे, तुझ्या खऱ्या उत्तराचा त्यांना मस्त दिसलं पेक्षा जास्त उपयोग होईल. पण तुझ्या कॉलेजचं वातावरण मला माहीत नाही, सांभाळून.

आणि 3 मार्चचं म्हणशील तर फार काही दिसणारच नाहीये. धुळवडीचा दिवस, ग्रस्तोदित ग्रहण आहे, म्हणजे चंद्र उगवेल तोच ग्रासलेला. खग्रास भाग आपल्याकडे चंद्र उगवायच्या आधीच संपतोय आणि खंडग्रास पावणेसातला सुटतंय, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम काही मिनिटं मिळतील. पूर्वेला झाडं-बिल्डिंगा नाहीत अशी गच्ची आधीच बघून ठेव आणि साडेसहाला वर जा, बाळाला टोपी घाल. जाऊबाई येतायत का विचार, आणि पुतण्याला घे बरोबर, त्यानं आजवर ग्रहणाचं नुसतं नाव ऐकलंय.